नसीमच्या नातवंडांचे फोटो

राजुरा

नसीमचा फोन आला तेव्हा मी रंकाळ्याच्या काठावर पाणकोंबड्यांचे फोटो काढत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर लेकीने बऱ्यापैकी कॅमेरा घेऊन दिला आणि तेव्हापासून माझ्या सकाळी तिथेच जातात. काढलेले पक्षी मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवते. बहुतेक जण अंगठा दाखवतात आणि विसरून जातात. नसीम मात्र प्रत्येक फोटो उघडून बघायची.

"पाखराईचे एवढे साजरे फोटो काढते तू," ती म्हणाली, "मंग माझ्या पोराईचे काऊन नाई काढत? ये ना इकडे. मार्चात चालले ते."

नसीम आणि मी नागपूरला बी.एड. करताना एका खोलीत राहिलो. पुढे ती राजुऱ्याला शाळेत मराठी शिकवत राहिली, मी कोल्हापुरात भूगोल. तिचे यजमान शिवणकामाचं दुकान चालवायचे. ते गेले आणि दुकान बंद झालं. एकुलती एक मुलगी रुखसार दोन लेकरांसह तिच्याकडेच राहत होती, कारण जावई नोकरीसाठी दोह्याला. आता त्याला तिकडे कुटुंब न्यायची परवानगी मिळाली होती. सहा वर्षांची मेहेर आणि तीन वर्षांचा अझान नानीच्या अंगणात वाढले होते. महिन्याभरात ते घर रिकामं होणार होतं.

बल्लारशाहला उतरले तेव्हा नसीम फलाटावर उभी होती. केस पांढरे झालेले, चालताना गुडघ्यावर हात, बोलण्याचा वेग मात्र तोच. वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्यात शिरेपर्यंत तिने दोन्ही मुलांच्या खोड्या, आजारपणं आणि आवडीनिवडी मला पाठ करून दिल्या. कोळशाचे ट्रक एकामागून एक समोरून येत होते आणि काच वर घेऊनही दाताखाली कचकच लागत होती.

दुपारी तिने तहारी, म्हणजे मसाल्याचा पिवळा भात, केला होता. वाढताना ती म्हणाली, "थांब, सांबार टाकतो वरून." मी डाळीतल्या पातळ सांबाराची वाट बघत राहिले आणि तिने ताटात मूठभर कोथिंबीर पेरली. नागपूरच्या खोलीत मी हा शब्द तिच्याकडूनच शिकले होते आणि पार विसरले होते. दोघी बराच वेळ हसलो.

जेवण झाल्यावर मी कॅमेरा काढला. कसब दाखवायची घाई झाली होती. मुलांना गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीसमोर उभं केलं, म्हटलं, "इकडे बघा. हसा." मेहेरने मोबाईलसाठी शिकलेलं हसू काढलं, दात सगळे बाहेर, डोळे अगदी कोरे, आणि शेजारी दोन बोटं. अझान उन्हाने डोळे बारीक करून रडायच्या बेताला आला. मी चार-पाच वेळा बटण दाबलं.

पडद्यावर फोटो बघितले आणि मलाच नको झालं. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे खड्डे पडले होते. मेहेरच्या डोक्यातून कपडे वाळत घालायचा खांब उगवला होता. मी उभ्याने काढल्यामुळे मुलं बुटकी आणि मोठ्या डोक्याची दिसत होती. रुखसार "छान आलेत, मावशी," म्हणाली. नसीमने चष्मा लावून एकेक फोटो बघितला.

"हे माझे नातवंडं नाई वाटत," ती शांतपणे म्हणाली. "कोणाचे तरी पोरं पकडून आणून उभे केले असं वाटते. माह्या मोबाईलात पण असेच शेकड्याने हायेत. एकात पण ते तसे नाई दिसत, जसे ते हायेत."

मला काय काम दिलं आहे ते तेव्हा समजलं. तिला आठवणीसाठी मुलांचे चेहरे नको होते. तिला तीच मुलं हवी होती.

त्याच संध्याकाळी ठरलं की घरात बांधाबांध चाललेली असताना फोटो होणार नाहीत. रुखसारच्या ओळखीचे शंकरभाऊ गाडी घेऊन येतील, आपण चार ठिकाणं फिरून येऊ. मुलांनाही आपला मुलूख एकदा नीट दिसेल. शंकरभाऊ जवळच्याच गावचे, कापूस-सोयाबीन करणारे. शेतीतून मोकळे झाले की भाड्याने गाडी चालवायचे. मुलांशी त्यांची दोस्ती आधीपासूनची होती.

मोहर्ली

ताडोब्याच्या दारात जाऊन वाघ न बघता परत येणारे लोक कमी असतील. आम्ही त्यातले. सफारीची तिकिटं केव्हाच संपली होती. शंकरभाऊ म्हणाले, "वाघाले काय पाहता बाई, तो काई पळून नाई चालला. पोरं चालले." आम्ही गावाबाहेर इरई जलाशयाच्या काठाशी उतरलो. पाणी ओसरून गेलेल्या भागात कोवळं गवत उगवलं होतं आणि पलीकडे पळसाची झाडं नुसती लाल दिसत होती.

फेब्रुवारी संपत आला होता. ऊन उतरल्यावर हवेत गारवा यायचा. मी पक्ष्यांसाठी जे करते तेच इथे करायचं ठरवलं, म्हणजे खाली बसायचं, गप्प राहायचं, वाट बघायची. गवतात मांडी घालून बसले आणि कॅमेरा मेहेरच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. एवढ्यानेच केवढा फरक पडला. मागचा खांब, गाडी, हॉटेलची पाटी हे सगळं नाहीसं होऊन मुलांच्या मागे फक्त पाणी आणि आकाश राहिलं. बाजूने येणाऱ्या उन्हात अझानच्या कानाच्या पाळ्या पारदर्शक दिसत होत्या.

पण मुलं माझ्याकडे बघून पुन्हा गोठली. मी खाली बसले काय आणि उभी राहिले काय, कॅमेऱ्यामागे अनोळखी बाईच होती.

तेव्हा नसीम माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने ओढणी डोक्यावरून घेऊन तिचं टोक शेपटीसारखं मागे सोडलं, गाल फुगवले आणि वानरासारखी खांदे उडवत चालू लागली. "अज्जू, देख, बंदर तेरी नानी को ले के जा रा," ती म्हणाली. गुडघे दुखणारी, सगळा जन्म वर्गात शिस्त लावण्यात गेलेली ही बाई. अझान आधी चकित झाला, मग पोटातून हसला, मग तोल जाऊन गवतात बसला. मेहेर "नानी, बस ना, लोक देख रे," म्हणत होती आणि स्वतःचं हसू दाबायला तळहात तोंडावर धरत होती. मी बटण दाबत राहिले.

ते या प्रवासातले पहिले खरे फोटो. नसीमने ते बघितले. पडद्यावरून अंगठा फिरवत तिने अझानच्या गालाला स्पर्श केला, तसा फोटो मोठा झाला आणि नुसता गालच दिसू लागला. तो तिने बराच वेळ तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या वानराने आमच्या गाडीच्या टपावरून बिस्किटांचा पुडा उचलला. तो उघडायची त्याची पद्धत बघताना अझानचं तोंड जे उघडं राहिलं, त्याचा फोटो माझ्याकडे नाही. मी तेव्हा कॅमेऱ्याची काच पुसत होते. अशा गोष्टी दर दिवशी घडत होत्या आणि दर दिवशी मी हळहळत होते.

गावातल्या खानावळीत जलाशयातल्या झिंग्यांचं कालवण आणि भात मिळाला. आमच्याकडे मासे म्हणजे समुद्राचे किंवा पंचगंगेचे, मसाला नारळाचा. इथे नारळ औषधालाही नव्हता. जवस आणि लाल मिरची वाटून केलेलं ते कालवण इतकं झणझणीत होतं की तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या मलाही दोनदा पाणी मागावं लागलं. मुलं शांतपणे जेवत होती.

मार्कंडा

मूलमार्गे चामोर्शीकडे गेलो. दोन्ही बाजूंना धानाची कापून झालेली बांध्यांची शेतं, मध्ये मध्ये तळी. मार्कंड्याचं दगडी देऊळ वैनगंगेच्या काठावर उभं आहे. जत्रा व्हायची होती, दुकानांचे बांबू नुकते रोवले जात होते. नदी इथे वळण घेऊन उत्तरेला वाहते, म्हणून लोक या जागेला मानतात, असं शंकरभाऊंनी सांगितलं. ते दर्शनाला गेले. आम्ही वाळूत उतरलो.

मुलांनी खड्डा खणायला घेतला. खाली पाणी लागलं की अझान त्यात पाय बुडवायचा, कड कोसळायची, मग पुन्हा खणायचं. माझी हाव आता वाढली होती. "मेहेर, जरा इकडे तोंड कर. अझान, हात वर. परत एकदा पाय बुडव." देवळाचा कळस मागे यावा म्हणून मी दोघांना खड्ड्यापासून उठवून सात-आठ हात सरकवलं.

मेहेर उठली, उभी राहिली आणि म्हणाली, "फोटोवाली नानी, तुम्ही फोटो काढता तर आमचा खेळ मरून जाते."

रुखसार तिला ओरडणार होती. मी नको म्हटलं. पोरगी खरं बोलत होती. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि वाळूत हात घालून खणायला लागले. अर्ध्या तासाने खड्डा एवढा झाला की त्यात अझान कमरेपर्यंत मावला. मुलं मला विसरून गेली. मग मी कॅमेरा उचलला आणि एक शब्द न बोलता काढत गेले. त्यांनी कुठे बघावं हे मी ठरवलं नाही. त्यांच्या मागे काय येतं ते टाळायला मीच गुडघ्यांवर सरकत होते.

नसीम तोपर्यंत माझ्या कामात तयार झाली होती. सूर्याकडे पाठ करून बसायची, मुलांना हाक न मारता नुसतं त्यांच्याशी बोलत राहायची, काहीतरी विचारायची, खोटी गोष्ट रचायची. तिच्याकडे बघून मुलांचे चेहरे भरून यायचे आणि मी बाजूने टिपायचे. ही आमची जोडी मला फार आवडली होती. "आपण दोघींनी स्टुडिओ काढायला पाहिजे होता," मी म्हटलं.

"तवा काऊन नाई सुचलं तुले?" ती म्हणाली. मग नदीकडे बघत पुढे म्हणाली, "इतकी वर्षं एकमेकीकडं येऊ येऊ म्हणत राह्यलो. आता आली, तं घर खाली होऊन राह्यलं तवा."

देवळाच्या वाटेवर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. ते घेऊन गाडीत बसलो. सालं काढून मुलांना भरवताना नसीमची बोटं काळी झाली होती.

आलापल्लीच्या पुढे

आष्टीवरून आलापल्ली ओलांडली की सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं. पानगळ सुरू होती. ताटाएवढी वाळलेली पानं गाडीखाली कडकडत होती. रस्ता जागोजागी खोदलेला आणि अशाच एका खड्ड्यात मागचं चाक आपटून स्प्रिंगचा पाटा तुटला. शंकरभाऊंनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता आलापल्लीवरून मिस्त्री येईन तवा. बसा बाई सावलीत."

जवळच दहा-बारा घरांची वस्ती होती. एका म्हाताऱ्याने जोहार घालून बाज आणून टाकली, लोटाभर पाणी दिलं. थोड्या वेळाने वस्तीतली पोरं जमली. ती गोंडी बोलत होती, आमची दोघं घरची हिंदी. पहिल्यांदा दोन्ही बाजू एकमेकांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग तिथल्या एका मुलीने सागाच्या फुटव्याचं कोवळं पान चुरगळून मेहेरच्या तळहातावर चोळलं. हात लाल झाला. मेहेरने तिच्याकडे बघून दुसरा हात पुढे केला. पुढचे दोन-तीन तास मला कुणाची भाषा ऐकू आली नाही, फक्त किंचाळ्या आणि हसणं.

सागाच्या विरळ सावलीत प्रकाश मऊ होता, धुळीमुळे आणखी मऊ झालेला. मी एका झाडाला टेकून बसले होते. पोरं टायर फिरवत माझ्या अंगावरून जात होती. नसीम त्यांच्यात होती. ती पानांची टोपी करून डोक्यावर ठेवायची, टोपी पडली की डोळे फिरवून खाली बसायची आणि गोंड मुलं, आमची मुलं, सगळी मिळून तिच्यावर कोसळायची. मोहर्लीपासून जे शिकत आले होते ते इथे हाताला आपोआप येत होतं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो मी त्या दुपारी काढले, पाणकोंबड्या धरून.

मिस्त्री येऊन काम संपत आलं तेव्हा एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन आली. शंकरभाऊंना काहीतरी म्हणाली. त्यांना थोडी गोंडी यायची.

"तिच्या लेकराचा पण एक काढा म्हणते," ते म्हणाले.

मी लेकराला बाजेवर बसवायला सांगितलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाईने लेकराला बाजेवर ठेवलं आणि स्वतःही त्याच्याजवळ बसली. मी हाताने तिला जरा बाजूला व्हायची खूण केली. तिने मान हलवून शंकरभाऊंना काही सांगितलं.

"ते म्हणते, मी बी पाहिजे त्याच्यात," शंकरभाऊ म्हणाले. "त्याले मोठा झाल्यावर दिसलं पाहिजे ना, कोणापाशी होता तो."

मी दोघांचा फोटो काढला. बाई जराही हसली नाही. सरळ कॅमेऱ्यात बघत होती, एक हात लेकराच्या पोटावर घट्ट. पुढे तो फोटो मी छापून शंकरभाऊंकडे पाठवला आणि त्यांनी तो पोचवला. पण तेव्हा तिचं बोलणं माझ्या कानावरून गेलं. गाडी सुरू झाली होती आणि अंधाराआधी सिरोंचा गाठायचं होतं.

सिरोंचा

सिरोंच्यात बाजारात तेलुगू ऐकू येते आणि दुकानांच्या पाट्या दोन-दोन लिप्यांत. प्राणहिता नदीपलीकडे तेलंगण. खानावळीत चिंचेचा पिवळा भात आणि अंबाडीची चटणी मिळाली. मेहेरने चटणी तीनदा मागून घेतली.

जेवण करून नदीच्या पायऱ्यांवर बसलो. पश्चिमेला थोडा उजेड उरला होता. रुखसार मुलांना घेऊन पाण्याशी गेली आणि मी दिवसभराचे फोटो नसीमला दाखवायला घेतले. बघता बघता त्या वस्तीतल्या मायलेकरांचा फोटो आला. नसीम म्हणाली, "हा चांगला आला. ठसका हाय तिच्यात."

मी पुढचा फोटो लावला, मग मागे गेले, मार्कंड्यापर्यंत, मोहर्लीपर्यंत, राजुऱ्याच्या गच्चीपर्यंत. मुलं होती, रुखसार होती, शंकरभाऊ होते, बिस्किटं संपवून बसलेलं वानर होतं. नसीमचा चेहरा एकाही फोटोत नव्हता.

"नसीम," मी म्हटलं, "तू कुठेच नाहीस गं."

"मी कायले पाहिजे?" ती म्हणाली. "मी तं इथीच हाय. जाऊन ते राह्यले."

"त्यांच्याकडे काय राहील मग?"

पाण्यात दोन्ही मुलं दगड टाकत होती. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "हे गेल्यापासून मी फोटोच नाई काढला माहा. दात बी पडला समोरचा. उद्या सकाळी काढजो. चांगला सूट आणला मी एक, तो घालतो."

उजेड अजून होता. फार नाही, पण एक-दोन फोटो निघाले असते, पायऱ्यांवर, होती त्याच कपड्यात, पडलेल्या दातासकट. पण मी शिकलेली होते. सकाळचा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर बरा पडतो. मी म्हटलं, "चालेल, सकाळी."

सकाळी अझान तापाने फणफणला होता. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले. पण रुखसारला आता घराशिवाय काही सुचत नव्हतं आणि ते बरोबरच होतं. आम्ही तिथूनच परत फिरलो. नसीमच्या मांडीवर अझान झोपला होता. तिचा चांगला सूट पिशवीतच राहिला.

पुन्हा राजुरा

ताप उतरला, पण घरात आता दिवसभर माणसं येत होती. चंद्रपूरहून नणंदा, बल्लारपूरहून भाऊ-भावजया, गल्लीतल्या बायका. बॅगा भरायच्या, वजन करायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. नसीम मुलांसाठी तिखट, लोणचं, सांडगे बांधत होती आणि रुखसार तिच्या नकळत अर्धं काढून ठेवत होती. मी रोज फोटोचं म्हणायचे. नसीम रोज "थांब, एवढं होऊ दे," म्हणायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी हट्टच धरला. नसीम फिकट गुलाबी सूट घालून आली, केस विंचरून. घरामागच्या कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली. सावली चांगली होती. मागे साधी भिंत, खांब नाही, दोरी नाही. मी जमिनीवर बसले. मेहेरला तिच्या बाजूला उभं केलं, अझानला मांडीवर दिलं. शिकलेलं सगळं जागच्या जागी होतं.

मेहेरने दोन बोटं वर केली आणि दात काढले. अझान आजारातून उठलेला, किरकिर करत आईकडे हात पसरू लागला. नसीम ओठ मिटून ताठ बसली होती, दात दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "अज्जू, इकडे बघ, बंदर." मी गाल फुगवले. ओढणी नव्हती म्हणून पदर डोक्यावर घेतला आणि खांदे उडवले. अझान माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि मोठ्याने रडायला लागला.

त्यांना हसवणारं माणूस खुर्चीत बसलं होतं. कॅमेऱ्याच्या बाजूला तिची जागा रिकामी होती आणि ती भरून काढणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कितीतरी वेळा बटण दाबलं. सगळे फोटो पहिल्या दिवसाच्या गच्चीवरच्यासारखे आले.

नसीमने बघितले. "राहू दे," ती म्हणाली. "आले तसे आले."

दुसऱ्या दिवशी शंकरभाऊंची गाडी नागपूरला विमानतळाकडे निघाली. नसीम गेली नाही. एकटीने परत यायचं तिला नको होतं. ती दारात उभी राहिली, मेहेरच्या केसांवरून हात फिरवला, अझानला खिडकीतून एक पेरू दिला. माझा कॅमेरा खांद्याला होता. तो काढायची मला लाज वाटली. आता वाटतं, काढायला हवा होता. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर नसीम आत गेली आणि मुलांनी उष्टी ठेवलेली ताटं घासायला बसली. मी चार दिवस तिच्यापाशी राहिले.

कोल्हापूर

परत येऊन मी फोटो नीट केले. कडेचं नको ते कापलं, काही उजळले, निवडक छापून नसीमला आणि दोह्याला पाठवले. सागाच्या जंगलातला एक सगळ्यांना आवडला. त्यात मेहेर आणि अझान दोघं पोट धरून हसताहेत, हात लाल झालेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. रुखसारने तो मोठा करून चौकटीत लावला.

पावसाळ्यात नसीमचा फोन आला. रुखसारने तिला एक गंमत सांगितली होती. घरी कुणी आलं की अझान त्यांना त्या फोटोपाशी नेतो. "नानी किधर है?" असं विचारलं की बोट ठेवतो. फोटोवर नाही. चौकटीच्या डावीकडे, भिंतीवर.

"इधर, म्हणते," नसीम हसत सांगत होती. मग हसू थांबलं. "किती दिवस सांगन तो, शोभा? तीन वर्षांचं लेकरू ते. पुढच्या साली विचारलं, तं बोट कुठी ठेवन?"

फोन ठेवल्यावर मी संगणक लावला आणि त्या फोटोची मूळ, न कापलेली प्रत शोधली. डाव्या कडेला हिरव्या ओढणीचं अस्पष्ट टोक होतं आणि त्यातून बाहेर आलेला हात, मनगटापर्यंत, पानाची टोपी धरलेला. चौकट स्वच्छ दिसावी म्हणून तो मीच कापून टाकला होता.

ती प्रत तशीच्या तशी छापली आणि दोह्याला पाठवली. रुखसारने जुनी काढून ही लावली, एवढं नसीमकडून कळलं. अझानचं बोट आता भिंतीवर जातं की काचेवर, हे मी अजून विचारलेलं नाही.